आवक-जावक

काही माणसांना चालू कामात हात घातल्याशिवाय चैन पडत नाही. झाकण ठेवून वाफेवर सोडलेले पोहे ती चार वेळा उघडून ढवळतात. आजारी माणसाचा डोळा लागला की त्याला हलवून ‘झोप लागली का?’ असं विचारतात. ही माणसं वाईट नसतात. वाईट माणसाला दुसऱ्याकडे एवढं लक्ष द्यायला सवड कुठली? यांच्या पोटात माया असते आणि ती वापरायला हात सदैव शिवशिवत असतात. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतले मोहनराव हे या जमातीचे ज्येष्ठ सभासद. आम्ही माणसं त्यांच्या मायेतून कशीबशी निसटतो, लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरतो. माशांना जिना नसतो.

मोहनरावांनी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक टेबलावर उभी हयात काढली. पत्र आलं की आवक नोंदवहीत टिपायचं, गेलं की जावक नोंदवहीत. लहानपणी शाळेच्या सहलीत त्यांनी मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं. १९५१ साली उघडलेल्या त्या मत्स्यालयाने मुंबईच्या आसपासच्या दोन-तीन पिढ्यांतली मुलं काचेला नाक लावून उभी केली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी घरी येऊन आईची कळशी बाटवली. मोहनरावांची आई कडक होती, त्यामुळे त्यांची हौस साठीपर्यंत तुंबून राहिली. निवृत्तीनंतर फंडाचे पैसे हातात येताच त्यांनी पहिली खरेदी केली ती काचेच्या टाकीची.

सकाळी दहाला टाकी आली, बाराला पाणी भरलं आणि चारला मासे आले. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. पाणी मावणार ५०-५५ लिटर. त्यात निळे खडे, प्लास्टिकची झाडं, झाकण उघडून बुडबुडे सोडणारी खजिन्याची पेटी आणि एक पाणबुड्या. उरलेल्या जागेत मासे: ४ गोल्डफिश, ६ गप्पी, २ एंजल, २ ब्लॅक मॉली, काच चाटणारा १ सकर आणि २ ‘शार्क’. दुकानात शार्क म्हणून मिळणारं हे बोटाएवढं रुपेरी पोर म्हणजे खरं तर पंगस. पुरेसं पाणी मिळालं तर ते मीटरभराच्या वर वाढतं, आणि हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतं ते बहुतेक वेळा हेच. मोहनरावांनी हॉलमधला दिवा मालवला, टाकीतला लावला आणि सबंध मजल्याला चहाला बोलावलं.

‘मुंबईचं मत्स्यालय घरी आणलं बघा,’ ते म्हणाले.

शैलावहिनी मालवणच्या. मासा या विषयात त्यांचं मत ऐकून घेण्याची आमच्या मजल्यावर पद्धत आहे. त्यांनी टाकीकडे, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘पंधरा जणांना खोली छोटी पडत्ये हो.’ खरं तर सतरा जण होते. पण मोजून होईपर्यंत एक गप्पी पंपाच्या मागे तरंगायला लागला होता.

गोल्डफिश हा दिसतो तेवढा नाजूक जीव नव्हे. कार्पच्या कुळातला हा मासा, खादाड आणि त्या मानाने घाण करणारा, पण जगायचं ठरवलं तर चिवट. इंग्लंडात टिश नावाचा एक गोल्डफिश १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून कुणा मुलाच्या पदरात पडला आणि १९९९ साली वारला. ४३ वर्षं. मोहनरावांचा पहिला गोल्डफिश ४३ तासही टिकला नाही. त्याला तुळशीच्या कुंडीत विधिवत पुरलं. दुसऱ्याला शेजारच्या कुंडीत. आठवडा संपेपर्यंत कुंड्या संपल्या आणि खालच्या मांजरीने आपला मुक्काम तिसऱ्या मजल्यावर हलवला.

दुसऱ्या एखाद्याने टाकी माळ्यावर टाकली असती. मोहनरावांनी नोंदवही काढली. डावीकडे आवक, उजवीकडे जावक. आवक बाजूला तारीख, जात, नग, किंमत. जावक बाजूला तारीख, जात, नग आणि ‘कारण’. या कारणाच्या रकान्यात मोहनरावांच्या प्रतिभेला बहर येई. ‘२ एंजल: बहुधा प्रवासाची दगदग.’ ‘१ मॉली: जोडीदाराचा विरह.’ ‘३ गप्पी: पाहुण्यांची नजर.’ ‘१ शार्क: कारण गुलदस्त्यात.’ ती वही मी वाचली आहे. तीत सगळ्यांवर संशय घेतलेला आहे, फक्त एक माणूस सोडून.

‘आमच्या माहेरी लोक मेलेले मासे विकत आणतात,’ वहिनी म्हणाल्या, ‘हे जिवंत आणून मारतात. भाव तोच.’

स्टेशनजवळच्या दुकानातल्या पोऱ्याचं म्हणणं, ‘अंकल, मच्छी नाजूक आयटम आहे, गॅरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत.’ त्याचीही बाजू ऐकायला हवी. आपल्याकडचे रंगीत मासे बरेचसे बंगाल आणि तामिळनाडूतल्या शेततळ्यांतून येतात. कोलकात्याहून किंवा चेन्नईच्या कोळत्तूरहून खोक्यात बसलेला मासा घाऊक व्यापाऱ्याच्या हौदात, तिथून दुकानाच्या टाकीत आणि तिथून आपल्या पिशवीत येईपर्यंत काही दिवसांत चार गावचं पाणी प्यायलेला असतो. प्रवासात पाणी नासू नये म्हणून त्याला उपाशी ठेवलेलं असतं. आपल्या दारात येतो तेव्हा तो अर्धा खचलेला असतो, आणि नेमक्या त्याच वेळी त्याची मोहनरावांशी गाठ पडते.

पोऱ्यावरचा विश्वास उडाल्यावर मोहनरावांनी थेट कुर्ल्याचा बाजार गाठला. तिथल्या माणसाने आपलं काम चोख केलं. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग सिलिंडरमधला ऑक्सिजन, वर रबरबँडचे कचकचीत वेढे. अशी पिशवी तासन्‌तास तग धरते. संध्याकाळची गर्दी, मोहनराव एका हाताने कडी आणि दुसऱ्याने पिशवी डोक्यावर धरून जलद लोकलमध्ये. एकाने विचारलं, ‘कितीला दिले?’ दुसऱ्याने सांगितलं की लाल मासा ईशान्येला ठेवू नका. घाटकोपर गेलं, विक्रोळी मागे पडली आणि मोहनरावांच्या पोटात कालवलं. एवढी तट्ट बांधलेली पिशवी! मुका जीव गुदमरत असेल! ठाण्याला खिडकी मिळताच त्यांनी रबरबँड सोडले, पिशवीचं तोंड उघडलं आणि माशांना मुंब्र्याच्या खाडीची मोकळी हवा दिली.

ऑक्सिजन गेला तो गेलाच, पण त्याहून वाईट दुसरं झालं. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होतं. माशाच्या कल्ल्यांतून अमोनियाही पाण्यात उतरत असतोच, पण आम्लधर्मी पाण्यात तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आम्लता उतरते, आणि तोवर गुमान बसलेला अमोनिया विषारी होतो. म्हणून पिशवी घरी जाऊन उघडायची. ती बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्यायची, मग उघडून टाकीचं पाणी थोडंथोडं आत घालायचं, आणि शेवटी मासे जाळीने उचलून टाकीत सोडायचे, पिशवीतलं पाणी मोरीत ओतायचं. मोहनरावांनी घरी पोचताच पिशवी पाण्यासकट टाकीत उलटी केली. ‘दमलेत बिचारे, आधी मोकळे तर होऊ देत!’

आता खाण्याचं. मोहनराव दिसले की मासे काचेशी गोळा व्हायचे. मासा खाऊ देणाऱ्याला ओळखतो, त्याची आठवण तीन सेकंदांची असते ही आपली भाबडी समजूत आहे. पण ओळखणं वेगळं आणि भुकेलं असणं वेगळं, हा फरक मोहनरावांना नातवंडांच्या बाबतीतही कधी कळलेला नाही. सकाळी चहाबरोबर चिमूटभर दाणे, पेपर वाचताना चिमूटभर, जेवणाआधी, वामकुक्षीनंतर, मालिकेच्या मध्यंतरात. गॅलरीतल्या कुंड्यांनाही ते याच वेळापत्रकाने पाणी घालायचे. त्यांच्याकडचा मनीप्लांट, जो माणसाच्या दुर्लक्षावर पोसला जातो, तोही मुळाशी कुजून गेला होता. मोहनराव स्वतः संकष्टी करतात, चंद्र दिसेपर्यंत पाण्यावर असतात.

‘मग त्यांनाही करू दे की संकष्टी,’ वहिनी म्हणाल्या.

‘मुक्या जिवांना कसला उपास!’ असं म्हणून मोहनरावांनी दुप्पट दाणे टाकले. मासे काही संकष्टीला चंद्राची वाट बघत बसत नाहीत. धडधाकट मासा चार-पाच दिवस उपाशी राहिला तरी त्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते खाली पडून कुजणाऱ्या दाण्यांनी.

आणि रविवार! रविवार हा मोहनरावांचा टाकीस्नानाचा दिवस. मासे बादलीत काढायचे; बादली कपड्यांची. सगळं पाणी फेकायचं. निळे खडे रोवळीत घेऊन भांड्यांच्या साबणाने घासायचे, पाणबुड्याला टूथब्रश मारायचा, फिल्टरचा स्पंज नळाच्या धारेखाली पांढरा होईपर्यंत पिळायचा. मग थेट नळाचं ताजं पाणी. आपल्याला पटकी-कावीळ होऊ नये म्हणून पाण्यात जो क्लोरीन घालतात तो माशाचे कल्ले भाजून काढतो. पोऱ्याने यावर थेंबांची बाटली दिली होती, पण मोहनरावांनी ती उघडली नाही. ‘केमिकल नको.’ नंतर एका गोल्डफिशच्या अंगावर साखरेच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले तेव्हा मात्र त्यांनी निळ्या औषधाची आख्खी बाटली ओतली. टाकीच्या कडांना लावलेलं सिलिकॉन अजून निळं आहे. वहिनींची एक साडीही.

रविवारी संध्याकाळी काच अशी लखलखायची की मासे अधांतरी पोहताहेत असं वाटावं. मंगळवारी ते अधांतरी नसायचे.

मधल्या काळात कोथरूडहून अक्का, म्हणजे मोहनरावांची थोरली बहीण, येऊन राहिल्या. त्यांनी वही पाहिली आणि सांगितलं, ‘अरे, दुखवटा कसला करतोस? घरावरचं अरिष्ट माशाने अंगावर घेतलं!’ हा विचार मोहनरावांना फारच मानवला. वहीत तिसरा रकाना उघडला: ‘टळलेलं अरिष्ट.’ सहा टेट्रा गेले त्या आठवड्यात जावयाची स्कूटर घसरून खरचटण्यावर निभावलं होतं, नोंद झाली. सकर गेला आणि गीझर बिघडला पण स्फोट झाला नाही, नोंद झाली. पुढे पुढे मासा आधी जायचा आणि मोहनराव दिवसभर अरिष्ट शोधत फिरायचे.

‘वन्सं,’ वहिनी शांतपणे म्हणाल्या, ‘आमच्या घरावर एवढी अरिष्टं होती हे मला टाकी आल्यावर कळलं.’

शेवटी वहिनींनीच आपल्या बहिणीच्या मुलीला बोलावून घेतलं. शर्वरी रत्नागिरीला, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते. ती सुट्टीत आली, टाकीतलं पाणी काचेच्या नळीत घेऊन तीत दोन बाटल्यांतले थेंब टाकले. पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते गर्द हिरवं झालं.

‘हिरवं म्हणजे उत्तम ना?’ मोहनराव खुशीत येऊन म्हणाले.

‘काका, हिरवं म्हणजे अमोनिया.’

मग तिने त्यांना त्यांच्याच भाषेत समजावलं, आणि मला त्या मुलीचं कौतुक वाटलं. ‘तुमच्या ऑफिससारखंच आहे, काका. अमोनिया ही आवक. मासा श्वास घेतो, खातो, उरलेलं कुजतं, की आवक वाढते. जावक टेबलावर जिवाणू बसतात. एक जण अमोनिया घेऊन त्याचं नायट्राइट करतो. तेही विषच, माशाच्या रक्ताला प्राणवायू धरू देत नाही. दुसरा त्याचं नायट्रेट करतो, ते थोडंफार असलं तरी चालतं, आठवड्याला टाकीचं थोडं पाणी बदललं की भागतं. पण नव्या टाकीत हे कारकून रुजूच झालेले नसतात. खड्यांवर, काचेवर, स्पंजात त्यांची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही पहिल्याच दिवशी सतरा मासे आणलेत, म्हणजे आवक धो-धो. आणि जावकचे कारकून कुठे रुजू व्हायला लागले की रविवारी साबणाने घासून बडतर्फ!’

मोहनराव अवाक झाले. हे जिवाणू नायट्राइट-नायट्रेट करतात हे रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्कीने १८९० च्या सुमारास दाखवून दिलं, त्याची खबर डोंबिवलीत अशी पोचली. मोहनरावांनी वहीत ‘जावक लिपिक: पद रिक्त’ असं लिहिलं, अधोरेखित केलं आणि विचारलं, ‘मग मी नक्की करायचं काय?’

‘काही नाही.’

‘म्हणजे?’

‘महिना-दीड महिना काहीच करायचं नाही. पंप चालू ठेवायचा, दोन-तीन चिवट मासे सोडायचे, दिवसाआड चिमूटभर दाणे. बस्स.’

सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला काही न करण्याचं भय वाटावं, याचं मला नवल वाटलं. पण मोहनरावांचा चेहरा खरोखर उतरला. काय करू नये हे शास्त्र त्यांना लगेच पटलं होतं. हात त्याला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, तर ते स्पंज नुसता ‘बघायला’ म्हणून बाहेर काढून हातात धरून बसले होते.

माशांचं नशीब म्हणा, त्याच सुमारास बंगलोरला लेकीचं बाळंतपण आलं. दोघांना दोन महिने जायचं होतं. निघण्याआधी शर्वरीने इमारतीमागच्या उघड्या हौदातून चार गप्पी ओंजळीने आणून टाकीत सोडले. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून मलेरिया खात्याची माणसं असे गप्पी जागोजागी सोडून जातात. त्या हौदातल्यांना कुणी दाणे घालत नाही, कुणी त्यांची काच पुसत नाही, त्यांच्या पाण्यात पोरांचे चेंडू पडतात, आणि दर पावसाळ्यात त्यांची प्रजा वाढलेली असते. मोहनरावांनी त्यांच्याकडे गावाकडून न सांगता आलेल्या पाहुण्यांकडे बघावं तसं पाहिलं.

टाकीची किल्ली, म्हणजे घराची, माझ्याकडे आली. सोबत मोहनरावांच्या अक्षरातल्या फुलस्केपच्या दोन पाठपोट भरलेल्या सूचना, कलम आणि पोटकलमांसह. शर्वरीने फोनवर एकच सूचना दिली: दिवसाआड चिमूट, बाकी हात लावू नका. मला तिची सूचना जास्त शास्त्रीय वाटली, कारण तिच्यात काम कमी होतं.

दोन महिन्यांनी मंडळी परतली तेव्हा टाकीच्या मागच्या काचेवर हिरवं शेवाळ धरलं होतं, निळे खडे तपकिरी पडले होते, पाणबुड्याला दाढी आली होती आणि प्लास्टिकच्या झाडांमधून टाचणीच्या डोक्याएवढ्या डोळ्यांची पिल्लं इकडून तिकडे पळत होती. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते, आणि दर महिन्या-सव्वा महिन्याला देते. शर्वरीने नळीत थेंब टाकून घेतले. पाणी पिवळंधमक.

मोहनरावांना आनंद झाला, नाही असं नाही. पण आधी पेच पडला तो वहीचा. ‘खरेदी नाही, पावती नाही, नग मोजता येत नाहीत. आवक दाखवायची कशी?’ तो पेच सुटायच्या आत त्यांचं लक्ष शेवाळाकडे गेलं आणि डोळ्यांत ती जुनी माया दाटून आली. ‘अरेरे, केवढी घाण साचलीय! लहान लहान लेकरं आहेत आत!’ त्यांनी बाह्या दुमडल्या.

शैलावहिनींनी प्रवासाची बॅगही अजून उघडली नव्हती. त्यांनी बादली उचलून माझ्या हातात दिली, साबणाची वडी पिशवीत टाकली, आणि नवऱ्याच्या खांद्यावरून माझ्या गॅलरीकडे बघत, चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाल्या, ‘अहो, टाकीचं राहू दे. भाऊजींचा कढीपत्ता बघितलात का? दोन महिन्यांत अगदी मलूल झालाय हो.’

माझ्या कढीपत्त्याला काहीही झालेलं नव्हतं. मी तसं म्हणालोही. पण वहिनी आत चहा टाकायला गेल्या होत्या, आणि मोहनराव माझं ऐकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बेल वाजली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात ताकाची वाटी, काखेत नवी कोरी वही.

‘ताक मुळाशी घालतात कढीपत्त्याला,’ मोहनराव म्हणाले, ‘पण आधी जरा माती उकरून बघू या ना, मुळं कशी आहेत ती,’ आणि मी दार पुरतं उघडायच्या आत त्यांनी खिशातून चमचा काढला.